मादीला बाहेर काढायची वेळ

गिरणीचा संप लांबला तेव्हा आमच्या चाळीतला एक शेजारी घरात फायटर मासे वाढवून विकायला लागला. नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधायचा, मादीला विळखा घालायचा. अंडी पडली की हा जाळीने मादीला लगेच बाहेर काढायचा.

"नाहीतर नर फाडतो तिला, मावशी. पिल्लं तो एकटाच सांभाळतो," असं सांगताना चवताळलेल्या नरासारखे गाल फुगवायचा.

त्याची बायको बाळंत होऊन घरी आली, त्याच दुपारी तिला दंडाला धरून तो माझ्या दारात आला.

"हिला ठेवून घ्या. पोराला मी बघतो."

"का रे, मारलंस?"

"अजून नाही."

मी तिला आत घेतलं, त्याच्या खोलीतून बाळही उचलून आणलं आणि माझ्या दाराला आतून कडी लावली. फटीतून पाहिलं, तर तो गाल फुगवून दारासमोरच उभा होता.