शमुवेलदादांचं मेंढरू

आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेत मी मुलांना गोष्टी सांगते. आईवडील मुलांना सोडून बाहेर गप्पा मारत बसतात. परवा पाळकसाहेबांनी छोट्या रूथच्या वडिलांना, शमुवेलदादांना, आत बोलावलं. "आज बायबलमधली हरवलेल्या मेंढराची गोष्ट तुम्ही सांगा."

"मला कुठं जमतंय, साहेब?" म्हणत दादा उभे राहिले. मग लहानपणी आपलंच मेंढरू शोधत काट्याकुट्यांतून ओढ्यात कसे उतरलो, ते सांगू लागले. "सापडलं तेव्हा मारायचं सोडून मी रडलोच की!"

"पप्पा, हे मला घरी का नाही सांगितलं?" रूथनं विचारलं.

"तू विचारलंस कधी?"

"आता रोज विचारणार!"

सगळे हसले. इतकी वर्षं मी ही गोष्ट पुस्तकातून सांगत होते. त्या दिवशी मीही मुलांमध्ये मांडी घालून बसले.