कुंकवाखालचा बिल्ला

माझ्याकडे मंगोलिया देशाचे एकतीस बिल्ले आहेत. तो देश मी पाहिलेला नाही आणि पाहायची इच्छाही नाही; तिथे थंडी फार म्हणतात. पण त्यांच्या लष्कराचा किंवा सरकारचा बिल्ला पुढे ठेवला, की तो कशाबद्दल देतात ते मी सांगते. सहसा चुकत नाही.

सुप्याला आमचं भंगाराचं दुकान होतं. एकदा पितळेच्या पोत्यात पत्र्याचा डबा निघाला, त्यात नऊ बिल्ले. आमचे मालक म्हणाले, वितळायच्या ढिगात टाक. मी टाकले नाहीत. दोन बिल्ल्यांवर वर ज्योत आणि तिच्याखाली सूर्य-चंद्र होते. आमच्या गावच्या वेशीतल्या वीरगळावर असेच सूर्य-चंद्र कोरलेले आहेत. वाटलं, लढाईचंच काहीतरी असणार. अंदाज अर्धाच खरा निघाला. ती त्या देशाची सरकारी खूण आहे. ती शिपायाच्या बिल्ल्यावर असते तशी मेंढ्या राखणाऱ्याच्याही बिल्ल्यावर असते.

पहिल्या नऊपैकी तीन मी स्वतः खराब केले. दिवाळीला देवाची भांडी घासतात तसे चिंच लावून घासले. सोन्याचा पातळ मुलामा होता, तो चिंचेबरोबर मोरीत गेला. त्यानंतर मी बिल्ल्याला चिंच लावली नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यांची भाषा मला येत नाही, पण अक्षराचा आकार ओळखायला भाषा लागत नाही. अक्षरं दिसतात रशियासारखी, पण त्यांच्यात दोन जास्तीची आहेत, त्यातलं एक म्हणजे अंड्यासारखा गोल आणि मधोमध आडवी रेघ. ते दिसलं की मंगोलिया. फार जुन्या बिल्ल्यावर लिपीच वेगळी, वरून खाली उभी उतरणारी. पाठीमागे मळसूत्र आहे की पिन, नंबर ठोकलेला आहे की कोरलेला, हे सगळं बघायचं. नातीच्या मोबाईलवर चित्रं काढून ताडून बघायचं आणि वहीत तसंच्या तसं उतरवायचं. बाकीचे बिल्ले पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले. तिथले दुकानदार आता मलाच विचारतात.

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या चार दिवस आधी आमच्या आळीतली फौजीण आली. तिचा नवरा लष्करात होता, रिटायर झाल्यावर नगरच्या छावणीत मेसवर होता, तीन वर्षांपूर्वी वारला. बरोबर तिचा थोरला मुलगा. हा पंचायतीत मेंबर आहे आणि मोठ्याने बोलतो.

"मावशी, आबांची पदकं फ्रेम करून शाळेत लावायचीत. पालकमंत्र्यांचा मानूस येनार हाय. ह्यातलं शौर्यपदक कुठल्या लढाईचं, तेवढं सांगा. फ्लेक्स छापलाय, फक्त लढाईचं नाव टाकायचं राहिलंय."

"फ्लेक्स आधी छापला व्हय?"

"घाई हुती."

फौजिणीने पदराखालून डबी काढली. चार पदकं एका पट्टीवर ओळीने टाचलेली. तीन आपल्या देशाची होती. चौथं कुंकवाने इतकं भरलेलं, की धातू दिसत नव्हता, नुसता उंचवटा कळत होता. खंडेनवमीला आमच्याकडे शेतकरी विळा-कोयता पुजतो. ही नवऱ्याचा पट्टा आणि पदकं पुजायची. त्यातही चौथ्यावर तिचा विशेष भाव, म्हणून त्याला दरवर्षी भरभरून हळदकुंकू. दोन-अडीच डझन खंडेनवम्यांचा थर होता तो.

"मधी मानूस हाय, हातात बंदूक हाय," मुलगा म्हणाला. "नीट बघा."

मी ते पदक उलटं केलं. नंबर ठोकलेला होता. पुढच्या बाजूला कडेला कुंकू जरा सुटलं होतं तिथे एक अक्षर दिसलं. अंड्यासारखा गोल, मधोमध आडवी रेघ.

"हे आपल्या देशाचं न्हाई," मी म्हणाले.

मुलगा हसला. "मावशीला सगळीकडं मंगोलियाच दिसतो."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. वाटीत साधं पाणी घेतलं, जुना मऊ ब्रश घेतला आणि फौजिणीला विचारलं, "धुऊ का? कुंकू जाईल."

नवऱ्याच्या नावावर गावात तिला जो मान होता तो या चौथ्या पदकावर होता, हे मला माहीत होतं आणि तिलाही. शेवटी ती म्हणाली, "धू आक्का. खोटं असलं तर आपल्या घरात कळू दे, शाळंत नको."

पाणी लाल झालं, दोनदा बदललं. आधी किरणं निघाली, मग डोकं, मग हात. मुलगा ज्याला बंदूक म्हणत होता ते मूल होतं. बाईने छातीशी धरलेलं मूल.

मी वही उघडून चित्र दाखवलं. "हा आईचा बिल्ला. तिकडचं सरकार लई पोरं वाढवनाऱ्या बाईला देतं. लढाईचा संबंध न्हाई."

मुलाचा चेहरा उतरला. "बाईचा? आबांकडं बाईचा बिल्ला कसा?"

"छावणीत शिकायला आलेले परदेशी फौजी मेसवर जेवायचे ना? कुनी दिला असंल. कसा आला ते बिल्ल्यावर लिहिलेलं नसतं."

"मावशी, कुनाला सांगू नका. फ्लेक्स तर—"

"गप रे," फौजीण म्हणाली. तिने बिल्ला हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "आक्का, किती पोरं लागत्यात याला?"

"पाच झाली की दुसरा दर्जा. आठ झाली की पहिला."

"मला सहा."

"मग दुसरा."

"दोन कमी पडली म्हन की!" ती हसली, दात नसलेल्या तोंडाने खळखळून. "ह्यो मानूस सुट्टीला जास्ती आला असता तर पहिला मिळाला असता."

मुलगा लाजून उठून अंगणात गेला. ती थांबेना. म्हणाली, नवरा बर्फात होता तेव्हा सहाही जणांचे गोवर, ताप, शाळा, सगळं हिनेच काढलं. हे आळीला माहीत होतं, पण पदक त्याचं होतं. त्याने हा बिल्ला तिच्यासाठी आणला होता का, असं तिने मला विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही. उगाच बरं वाटावं म्हणून बोलायची मला सवय नाही.

शाळेत फ्रेम लागली, तीन पदकांची. नऊ वर्षांच्या नोकरीचं, वीस वर्षांच्या नोकरीचं आणि उंच बर्फाळ चौकीवर राहिल्याचं. पदकांखालच्या चिठ्ठ्या मी सांगितल्या, मास्तरांनी लिहिल्या. एकही खोटी नाही. फ्लेक्स फौजिणीच्या शेळ्यांच्या गोठ्यावर आहे. पाऊस चांगला अडवतो.

बिल्ला तिच्याकडेच राहिला. मी मागितला नाही, माझ्या वहीत मात्र त्याची नोंद आहे. खंडेनवमीच्या सकाळी ती दारात येऊन उभी राहिली, हातात करंडा.

"आक्का, आता ह्याला कुंकू लावायचं का? सोताचीच पूजा कशी करायची?"

"डबीला लाव," मी म्हणाले. "बिल्ल्याला नको, खराब होतो."