नातीच्या चौकोनातलं गवत

रोह्याजवळच्या आमच्या माळावर नातीने कॉलेजसाठी गवताचे दोन चौकोन आखले होते. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत चाललाय ना, म्हणून एका चौकोनाला ती तो वायू नळीने जास्त द्यायची आणि दोन्हीकडे मातीतून कोणते वायू किती निघतात ते डबा पालथा घालून मोजायची. दिवाळीनंतर सगळा माळ पिवळा पडला, नळीचा तेवढा चौकोन हिरवागार. मी आपला म्हशीसाठी विळा चालवला!

"आजी गो, वर्षाचं काम कापलंस!" ती रडकुंडीला आली.

"गवत गेलं, माती नाय गेली. पायाला ओल लागली बघ तिथे. शेजारचा चौकोन कोरडा हाय."

तिने वाकून हात लावला. "म्हणजे जास्त कार्बन डायऑक्साइड मिळाला म्हणून या गवताने पाणी कमी ओढलं! ओल राहिली की मातीतून हवा तापवणारे वायू जास्त निघतात, आजी."

तिने लगेच त्या ओल्या मातीवर डबा पालथा घातला आणि मला विळ्यासकट लांब बसवलं.