व्हिनेगरच्या पिंपाकडे तोंड करून

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा नमाज म्हणजे कामावरच्या लॉकर रूमचं दार लावून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून उरकलेलं काम असायचं. अल्लाहपेक्षा मला सुपरवायझरची भीती जास्त. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही लंडनच्या हाउन्सलोला राहायचो, मी एअरपोर्टवर बॅगा चढवायचो. दाभोळहून अम्मा पहिल्यांदाच आली होती. ती परत जायच्या आत तिला समुद्र दाखवावा म्हणून मी यॉर्कशरची तीन दिवसांची कोच टूर बुक केली. जन्मभर दाभोळच्या किनाऱ्यावर राहिलेल्या बाईला समुद्र दाखवायला निघालो, यावरून माझी अक्कल कळावी.

बायकोने प्रवासापुरता खिमा-चपात्यांचा डबा दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मी हॉटेलच्या फ्रीजमध्ये विसरलो आणि कोच तासभर पुढे गेल्यावर मला आठवला. ब्रेकफास्टला अंडी होती, पण बेकनच्याच तव्यातली, म्हणून अम्माने एका केळ्यावर भागवलं होतं. त्यात ती डायबेटिसची गोळी घेऊन बसलेली. दुपारी किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात उतरलो तेव्हा तिचे हात थरथरत होते. गोड चहा पाजून मी वेळ मारून नेली, पण पोटात काही घालायलाच हवं होतं. मासे तर चालतात, म्हणून फिश अँड चिप्सच्या दुकानात शिरलो. तळण गाईच्या चरबीत, आणि ती हलाल नव्हे. दुसऱ्या दुकानात तेच. तिथली बाई तर अभिमानाने म्हणाली, "प्रॉपर ड्रिपिंग!"

"अम्मा, मजबुरीत चालतं गं," मी म्हटलं.

"मजबुरी अजून आली नाही. तिसरं दुकान आहे ना?" ती म्हणाली आणि माझा दंड धरून चालू लागली. मी मनातल्या मनात अल्लाहशी भांडत होतो. माझी हयगय मान्य, पण या म्हातारीने कधी एक नमाज चुकवला नाही, तिला ही शिक्षा का?

तिसऱ्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. काउंटरमागे पांढऱ्या मिशांचा एक धिप्पाड म्हातारा तोंड पाडून उभा होता. मी काही विचारायच्या आतच तो अम्माला म्हणाला, "सॉरी, लव्ह. आज चरबीची लॉरी आलीच नाही. कढया घासून साधं व्हेजिटेबल ऑइल घातलंय. चव नाही येणार. सकाळपासून गिऱ्हाइकं परत जातायत."

मी भाषांतर केलं. अम्माने आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा मला लव्ह का म्हणतोय?"

"इथे सगळ्यांनाच म्हणतात."

"मग ठीक. दोन मासे सांग."

तिने हॅडक माशाचे दोन मोठे तुकडे संपवले. म्हाताऱ्याला इतका आनंद झाला की वर फुकट चिप्स दिल्या. हातांची थरथर थांबल्यावर तिने जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजासाठी जागा विचारायला सांगितली. मी लाजत, अडखळत विचारलं. त्याने सरळ मागची बटाट्यांची खोली उघडली, गोणी बाजूला केल्या, धुतलेला टेबलक्लॉथ अंथरला. "मक्का कुठल्या बाजूला?" तोच म्हणाला. "तीस वर्षं बोटीवर होतो. साउथ-ईस्ट म्हणजे त्या व्हिनेगरच्या पिंपाकडे बघा."

मी दारात राखण करायला थांबणार होतो, पण ते काम त्याने आधीच घेतलं होतं. कुणीतरी आत आलं तर दबक्या आवाजात म्हणाला, "श्श! लेडी प्रार्थना करतेय." मग मी कुणापासून लपणार? अम्माशेजारी, टेबलक्लॉथबाहेरच्या उघड्या फरशीवर उभा राहिलो. कित्येक वर्षांनी घाई न करता, कपाळ टेकून सजदा केला.

दुआ मागताना अम्मा पुटपुटत होती ते ऐकू आलं. "या अल्लाह, या भल्या माणसाचा धंदा बुडू देऊ नकोस. उद्या त्याची चरबी वेळेवर येऊ दे." मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. मी वाटेत अल्लाहशी भांडत आलो होतो, आणि तिने पोट भरल्याबरोबर आधी दुसऱ्यासाठी मागितलं. लॉरी का आली नाही, याचा हिशेब मी कधी लावला नाही. आपल्या हातात नसलेलं अल्लाहवर सोपवून तिसऱ्या दुकानापर्यंत चालत जायचं, एवढं मात्र त्या दिवसापासून जमू लागलं.

कोचमध्ये चढलो तर शेजारची गोरी आजी माझ्या कपाळाकडे पाहत राहिली. "डिअर, माती लागलीय तिथे," ती म्हणाली. बटाट्यांची माती होती. मी थँक यू म्हटलं आणि ती तशीच राहू दिली.