हिरव्या रंगाखालची अक्षरं

सायकल मला कशासाठी हवी होती हे बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तेव्हाही मला नीट सांगता आलं नाही, आजही येत नाही.

मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. सासरवाडी नांदेडची. तिथलं एक मोडकं लोखंडी कपाट भंगारात द्यायला मी गेलो आणि पत्र्यांच्या ढिगाला टेकून ती उभी दिसली. काळी, बारीक नळ्यांची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. मागच्या चाकाला पाच चकत्या, गंजून एकमेकींना चिकटलेल्या. रेसची सायकल. धर्माबादला एक सायकलचं दुकान बंद पडलं, त्यातला माल आहे, एवढंच भंगारवाल्याला माहीत होतं. कपाट देऊन मी सायकल घेऊन आलो. "एक गेलं म्हणून बरं वाटत होतं," बायको म्हणाली.

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या मोटारीशेजारी, मी काम मांडलं. सकाळची बॅच संपली की दुपारच्या बॅचपर्यंत तीन तास मिळायचे. चाकं निघाली, ब्रेक निघाले, पेडलचे दांडे निघाले. पण ज्या वाटीत पेडलचा एक्सल फिरतो ती उजवीकडची वाटी काही सुटेना. रॉकेल सोडलं, हातोडी मारली, पान्याला लांब पाइप लावून त्यावर जवळजवळ उभा राहिलो. आठ दिवस गेले. दिवसभर पोरांना टॉर्क शिकवणारा माणूस एका वाटीपुढे हरला होता.

शेवटी गंजगोलाईकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. ते मूळचे तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी सांगाडा आडवा धरला, पाना लावला आणि मी पिळत होतो त्याच्या बरोबर उलट पिळला. वाटी कुरकुरत सुटली.

"ह्या बाजूला उलटे आटे असत्यात सर. आठ दिवस तुमी ते घट्ट करून राहिलात."

मी हसलो, पण त्या दिवशी वर्गात स्क्रूचं उदाहरण द्यायचं टाळलं.

मग रंग काढायला घेतला. काळ्या रंगाखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली फिका पिवळा, आणि त्या पिवळ्यावर, आडव्या नळीच्या एका बाजूला, तांबड्या रंगात हातानं काढलेली अक्षरं. गोल गोल. तेलुगू की कानडी हेसुद्धा मला कळेना. पॉलिश पेपर खाली ठेवला आणि सांगाडा स्कूटरवर आडवा टाकून पुन्हा मामांकडे गेलो.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, नळीवर थुंकी लावून पुसलं. "अक्ककू," ते म्हणाले. "तेलुगू हाय. अक्कासाठी."

"म्हणजे कुणी बहिणीला दिली?"

"दिली म्हणून कुठं लिव्हलंय? अक्कासाठी, एवढंच लिव्हलंय."

आता ही पुरुषांची रेसची सायकल, मधे आडवी नळी असलेली. बहिणीसाठी कशी? मला राहवेना. पुढच्या रविवारी नांदेडला मुक्काम होताच, तिथून गाडी काढून धर्माबादला गेलो. मिरचीच्या मार्केटजवळ दोघांना विचारलं, तिसऱ्यानं बोट दाखवलं. सायकलच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. सायकलवाला वारून तीन-चार वर्षं झाली, लग्न केलं नव्हतं, थोरली बहीण मागच्या गल्लीत राहते, असं मोबाइलवाल्यानं सांगितलं.

बाई सत्तरीच्या पुढच्या. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, उंच, ताठ. त्या बालवाडीच्या शिक्षिका होत्या, म्हणून मी त्यांना बाईच म्हणालो. अक्का म्हणायला जीभ वळेना. त्यांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मी मोबाइलवर सांगाड्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"हे त्याचंच अक्षर," त्या म्हणाल्या. "दुकानात वर आढ्याला टांगलेली असायची ही. पिवळी. मी रोज डबा घेऊन जायची, रोज दिसायची."

"तुम्ही चालवायचात का?"

"मला सायकल येतच न्हाई. कधीच आली न्हाई." मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

मी चकित झालो. "तुम्हाला तेलुगू येत नाही?"

"बोलता येतं, वाचता न्हाई. मी हितं मराठी शाळेत शिकले. त्याला आमच्या मामानं निजामाबादला नेलं होतं, सहावीपर्यंत तो तिकडंच. मी त्याला विचारलेलं एकदा, काय लिहिलंय म्हणून. कंपनीचं नाव हाय म्हणाला."

माझ्या लक्षात आलं की हे सांगणारा आता मीच आहे. घरून निघताना मी एक गोष्ट ऐकायला निघालो होतो. इथं ती माझ्याकडेच होती.

"अक्ककू," मी म्हणालो. "अक्कासाठी."

त्या उठून आत गेल्या, चहाचं पातेलं ठेवल्याचा आवाज आला, पण गॅस पेटल्याचा आला नाही. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या रिकाम्या हातांनी.

"अक्का तर सगळ्याच," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक बाई आली तरी तो अक्काच म्हणायचा. कोन्या अक्कासाठी, कुणाला ठाव?"

"तुमच्यासाठीच असेल."

"मग दिली का न्हाई? आनि नंतर हिरवी केली, मग काळी केली. मी कशाला रंगवतोस म्हणले, तर म्हणे गंज चढतो." त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "आनि मला येत न्हाई हे त्याला ठावं नव्हतं व्हय? लहानपणी त्यानंच धरली होती मागनं. मी पडले, गुडघा फुटला, बाबानं त्यालाच मारलं. मग कोन शिकवतंय."

निघताना मी म्हणालो, "मी ती आता पुन्हा रंगवतोय. ते अक्षर ठेवू का?"

"पुसून टाका," त्या लगेच म्हणाल्या. "तुमची सायकल हाय आता."

फोन नंबर मात्र त्यांनी लिहून घेतला.

लातूरला येऊन मी चार दिवस सांगाड्याला हात लावला नाही. बायको म्हणाली, त्यांनी सांगितलंय तर पूस. मामा म्हणाले, रंग तर सगळाच काढावा लागतो, नाहीतर नवा धरत नाही. दोघांचंही बरोबर होतं. पाचव्या दिवशी मी पेपर ओला करून घासायला बसलो. तांबडा रंग चिवट होता, बोटांच्या टोकांना लागून राहिला. नळी उघडी पडल्यावर मी लगेच प्रायमर मारून टाकला, घाई असल्यासारखा. मग पिवळा रंग दिला. मूळचा तसाच आणायचा प्रयत्न केला, पण थोडा गडद झाला.

मामांनी छर्रे बसवून दिले, चाकांचा आऊट काढून ती सरळ फिरती करून दिली. ब्रेकच्या नव्या तारा मी घातल्या. एके दिवशी सकाळी सहाला मी ती औसा रोडवर चालवली. एवढं वाकून बसायची सवय नाही, मान अवघडली, पण सायकल आवाज न करता पळत होती. क्लासला निघालेली दोन पोरं थांबून बघत राहिली.

त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. मी स्टाफरूममध्ये होतो.

"सर, ते अक्षर राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी तवा उगं बोलून गेले."

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. मोबाइलमध्ये फोटो होता, एखाद्या पेंटरकडून तसंच काढून घेता आलं असतं, त्यांना कळलंही नसतं. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"पुसलं बाई मी," मी म्हणालो. "तुम्ही म्हणालात म्हणून."

फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीन बघितली.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. थांबून म्हणाल्या, "चालते का पन?"

"चालते."

"एकदा दाखवा आणून."

दोन्ही चाकं काढून सायकल मी कारच्या मागच्या सीटवर घातली आणि धर्माबादला नेली. बाईंच्या दारात चाकं बसवली. बाईंनी ब्रेक दाबून बघितला, पेडल उलटं फिरवून टिकटिक ऐकली. नळीच्या त्या बाजूवरून तळवा फिरवला, जिथं आता काही नव्हतं. मग दोन्ही हातांनी हँडल धरून ती ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि वळून परत आल्या. मागून धरायला जावं की नको, मला ठरवता येईना. मी दारातच उभा राहिलो. बाजूच्या घरातल्या बाया बघत होत्या, त्यांच्याकडे बाईंनी लक्ष दिलं नाही.

"मला वाटायचं लई जड असंल," परत आल्यावर त्या म्हणाल्या. "वर टांगलेली होती ना."

मी ती ठेवून घ्यायला सांगितलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. का, ते सांगितलं नाही, मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. आता वाटतं म्हणायला हवं होतं, आणि मग वाटतं की म्हणालो नाही तेच ठीक.

या वेळी चहा झाला. निघताना त्या गाडीपर्यंत आल्या आणि काचेतून वाकून विचारलं, "पुन्हा कधी येणार?"

कशासाठी, ते मी विचारलं नाही. दसऱ्यानंतर येतो म्हणालो.