घरातली केबिन

थेटराला टाळं लागून कित्येक वर्षं झाली, तरी सगळे त्याला ऑपरेटरच म्हणत. थेटर गेलं, केबिनमधली पिक्चर दाखवायची मशीनं भंगारात गेली, नाव मात्र चिकटून राहिलं. आता तो एका दवाखान्याच्या पार्किंगमध्ये फाटकाशी बसायचा. काचेची एवढीशी खोली, आत एक खुर्ची आणि मान टाकलेला एक पंखा. गाडी आली की चिठ्ठी द्यायची, गाडी गेली की चिठ्ठी घ्यायची. "एका केबिनमधून सुटलो आणि दुसऱ्या केबिनमध्ये अडकलो," असं म्हणून तो हसायचा, पण ते हसू घरी पोचेपर्यंत टिकायचं नाही. घरी यायचा तो सुजलेले पाय आणि भणभणलेलं डोकं घेऊन. चहा प्यायचा, जेवायचा, आडवा व्हायचा. बायकोनं काही सांगायला तोंड उघडलं तर "हं, हं" करता करता घोरायला लागायचा.

आता अशा माणसाशी कोण किती दिवस बोलणार? त्यापेक्षा भिंत बरी, ती निदान घोरत नाही.

बायकोनं बोलणं हळूहळू कमीच केलं. आणि एक दिवस तो कामावरून आला, तर तिनं कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पुसायला घेतली होती.

"येत्या रविवारी मी लेकीकडे जाते," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"दिवस कसले विचारता? जाते म्हणजे जाते. तिच्याकडे एक खोली रिकामीच आहे. कधीची म्हणतेय, आई, ये इकडे राहायला."

"आणि मी?"

"तुम्हाला काय, मी असले काय नि नसले काय. डबा लावून देते."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही, भांड्यांची आदळआपट नाही. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्या बाईला समजावता येतं. ही तर थकली होती, आणि थकलेल्या माणसाला काय सांगायचं हे ऑपरेटरला कधीच कळलं नव्हतं. तो स्वतः थकलेलाच होता की.

खरं तर तिथल्या तिथे म्हणायचं, नको जाऊस. पण ते म्हणायला जीभ लागते. उभा जन्म मशीनच्या खडखडाटात गेलेला माणूस. केबिनमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बोलायची सवयच नाही. तो सुजलेले पाय चोळत राहिला.

पण झोप लागेना. लग्न झाल्यापासूनची तिची एकच तक्रार त्याला आठवत होती. "एवढी पिक्चरवाल्याची बायको, पण नवऱ्याशेजारी बसून एक पिक्चर पाहिला नाही." हे ती हसत सांगायची, पाहुण्यांना सांगायची, मग सांगायची बंद झाली. ऑपरेटरनं ठरवलं, बोलता येत नाही तर नाही, करून दाखवू. घरातच थेटर काढू.

तो गेला क्यासेटवाल्याकडे. क्यासेटवाला हा त्याचा दोस्त, म्हणजे मूळचा वैरी. पूर्वी तो पिक्चरच्या क्यासेटी भाड्यानं द्यायचा आणि थेटराचं गिऱ्हाईक पळवायचा. दोघांचेही धंदे बुडाल्यावर मग कुठे जमलं. आता तो कम्प्युटर आणि फोन दुरुस्त करायचा.

"अरे, महिन्याचे पैसे भरले की घरबसल्या हजार पिक्चर दिसतात. असलं एखादं ॲप घेऊन टाक ना," क्यासेटवाला म्हणाला.

"महिन्याच्या महिन्याला कोण भरणार? काय तो खर्च एकदाच. आणि तोही खिशाकडे बघून सांग."

क्यासेटवाल्यानं खिशाकडे बघितलं आणि उसासा टाकला. मग दुकानाच्या मागून एक जुना कम्प्युटर ओढून आणला. कुठल्याशा ऑफिसानं काढून टाकलेला, अंगावर अजून नंबराची चिठ्ठी. "यात तुझे पिक्चर भरायचे. हा घरात चालू राहील. टीव्हीच्या पाठीत ही एवढीशी कांडी खोचायची. टीव्ही मागेल, हा देईल. कळलं?"

"म्हणजे हे मशीन आणि तो पडदा."

"डोकं आहे की रे तुला! मला वाटलं, पार्किंगमध्ये विकून आलास."

कामावरून आल्यावर ऑपरेटर रोज संध्याकाळी जमिनीवर बसायचा. लेकीनं कधीकाळी जमवलेल्या पिक्चरच्या डिस्का एका डब्यात होत्या. एकेक डिस्क मऊ फडक्यानं पुसायची, कम्प्युटरला भरवायची आणि तो गिळेपर्यंत वाट बघायची. गुडघे धरून यायचे. निम्म्या डिस्का ओरखडलेल्या. कम्प्युटर त्या तोंडात घेऊन घरघरायचा आणि थुंकून टाकायचा. तिकडे बायको बॅगेत कपडे रचत होती. एकाच घरात एकाचं भरणं चालू होतं आणि दुसरीचं आवरणं.

एकदाच ती हसली. कम्प्युटर दरेक डिस्कचं नाव बघून आपल्या मनानं चित्र लावायचा. लेकीच्या शाळेतल्या नाटकाची डिस्क होती, तिला त्यानं एका रक्तबंबाळ राक्षसाचं चित्र लावलं.

"बरोबर ओळखलंय मेल्यानं," बायको म्हणाली, "लहानपणी अशीच होती." आणि हसू आवरून परत घड्या घालायला लागली. ऑपरेटरला तेवढ्यानंही उभारी आली. त्यानं ते चित्र बदललं नाही.

मग घोडं अडलं ते वायफायपाशी. ऑपरेटरनं कम्प्युटर ठेवला होता स्वयंपाकघरात. क्यासेटवाल्यानं परोपरीनं सांगितलं होतं, टीव्हीखालीच ठेव, जागा आहे. पण ऑपरेटर ऐकेल तर शपथ! जुन्या कम्प्युटरचा पंखा करकरायचा, आणि मशीनचा आवाज प्रेक्षकाच्या कानावर जाता कामा नये, हा त्याचा धर्म. आता स्वयंपाकघर आणि टीव्ही यांच्यामध्ये फ्रिज, फ्रिजशेजारी लोखंडी कपाट. पिक्चर दोन पावलं चालायचा आणि पडद्यावर गोल चाक फिरत बसायचं.

"वायर ओढ," क्यासेटवाला फोनवर म्हणाला. "हवेवर विसंबू नकोस."

म्हणून मग कामावरून आलेला हा माणूस स्टुलावर चढला आणि दाराच्या चौकटीवरून वायर ठोकत गेला. हात वर करून करून खांदे भरून आले. स्टूल एका पायानं डुगडुगत होतं. थोड्या वेळानं ते डुगडुगायचं थांबलं. खाली बघतो तर बायकोनं ते दोन्ही हातांनी धरलेलं. "पडाल आणि रविवारचं माझं जाणं राहील," ती म्हणाली. तो पुढचा खिळा ठोकायला लागला. पाहा, बोलायची आयती संधी होती. पण नाही! तोंडात खिळे होते ना.

शनिवारी त्यानं रजा काढली. जेवणं झाल्यावर पडदे ओढले. सोफ्यावरची गादी झटकली. बायको म्हणाली, बॅगेची चेन अडकतेय, ती बघायचीय. तो म्हणाला, मी बघतो, तू आधी बस. ती बसली. थकलेली होती, पण बसली.

आणि ऑपरेटर आत गेला.

कळलं का? आत गेला. स्वयंपाकघरात. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या भिंतीत ताटं द्यायला एक चौकोनी खिडकी होती. तिच्यापाशी कम्प्युटर, आणि कम्प्युटरपाशी तेच स्टूल. तो स्टुलावर टेकला, हातातल्या फोनवरून पिक्चर सुरू केला आणि खिडकीतून पडदा नीट दिसतोय ना ते बघायला लागला. त्याला यात काहीच वावगं वाटलं नाही. सुंभ जळतो, पीळ जात नाही, तो असा.

पिक्चर जुना होता, त्याच्याच थेटरात कित्येक आठवडे चाललेला. छान चालला होता. कुठे अडखळणं नाही, कुठे चाक फिरणं नाही. खिडकीतून त्याला बायकोचं डोकं पाठीमागून दिसत होतं, विरळ झालेले पांढरे केस, आणि शेजारी सोफ्याची रिकामी जागा. तो खूश होता.

एवढ्यात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका चमकला.

तो ठिपका तुम्हाआम्हाला दिसत नाही, दिसला तरी कचरा वाटतो. पूर्वी पिक्चर तुकड्यातुकड्यांनी रिळांवर यायचा. एक रीळ संपत आलं की कोपऱ्यात ठिपका दिसायचा, म्हणजे दुसरं मशीन फिरवायला लागा. थोड्या वेळानं दुसरा ठिपका, म्हणजे हे बंद, ते चालू. पापणी लवण्याएवढा उशीर झाला तर पडदा कोरा आणि खाली शिव्या. ऑपरेटरनं आयुष्यभर पिक्चर बघितले ते ठिपक्यांसाठी. गोष्ट कशाची, कोण रडलं, कोण हसलं, त्याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. आता या डिस्का जुन्या रिळांवरूनच काढलेल्या, त्यामुळे ठिपकेही आले बरोबर.

पहिल्या ठिपक्याला तो स्टुलावरून उठला. दुसऱ्या ठिपक्याला त्याचा हात आपोआप पुढे गेला आणि त्यानं भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

बंद करायला मशीन होतं. चालू करायला दुसरं नव्हतं. कम्प्युटरचा पंखा करकरत थांबला. हॉलमध्ये पिक्चर थोडा पुढे सरकला आणि ते गोल चाक फिरायला लागलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं कम्प्युटर पाहिला, खिडकी पाहिली, स्टूल पाहिलं, आणि बटणावर हात ठेवून आ वासून उभा असलेला नवरा पाहिला.

"बाई गं," ती म्हणाली. "यांनी घरात केबिन बांधली!"

ऑपरेटरनं बटणावरचा हात काढून घेतला.

"पासावर यायचे मी तुमच्या थेटरात," ती म्हणाली. आवाज अजूनही चढलेला नव्हता, पण आता तो थरथरत होता. "शेजारची खुर्ची रिकामी. लोक विचारायचे, कोणी येणार आहे का? मी म्हणायचे, हो. आणि पडद्याकडे कमी, मागं केबिनच्या त्या भोकाकडे जास्त बघायचे. वाटायचं, कधीतरी येईल खाली हा माणूस, दोन मिनिटं का होईना. आता थेटर राहिलं नाही, मालक राहिला नाही, तुम्हाला ओरडणारं कोणी राहिलं नाही. मग आता कोणासाठी आत बसलात?"

त्यानं बटण चालू केलं. कम्प्युटर जागा होईपर्यंत दोघंही त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं त्याची बाही धरली आणि त्याला हॉलमध्ये आणून सोफ्यावर बसवलं, हट्टी पोराला बसवतात तसं.

तो सोफ्याच्या कडेला टेकून बसला. पिक्चर सोडला होता तिथूनच सुरू झाला. त्याला काही बघवेना. कान स्वयंपाकघराकडे. पंखा जास्त करकरतोय का? वायर सुटली तर? इतक्या जवळून पडदा बघायची सवय नाही, डोळ्यांत पाणी यायला लागलं. बऱ्याच वेळानं कोपऱ्यात पुन्हा ठिपका चमकला आणि तो ताडकन उठला.

बायकोनं पडद्यावरची नजर काढली नाही. नुसतं त्याचं मनगट पकडलं. "बसा."

"अगं, पण आता दुसरा—"

"बसा म्हणते ना!"

तो बसला. श्वास रोखून बसला. दुसरा ठिपका आला आणि गेला. काही झालं नाही. पडदा कोरा झाला नाही, खालून कोणी शिवी दिली नाही. पिक्चर आपला चालतच राहिला, त्याच्यावाचून. त्याला आधी फार वाईट वाटलं, अगदी पोरकं वाटलं. आणि मग सगळ्या वर्षांचा शीण एकदम पायांत उतरला. तो मागे सरकला आणि पहिल्यांदा त्यानं सोफ्याला पाठ टेकली. मनगट अजून तिच्या हातात होतं.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"काय?"

"उद्या. जाऊ नकोस. तू गेलीस तर मी काय करू या घरात? मला बोलता येत नाही, पण मला तू हवीस."

ती वळून त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांचं काय होतंय, हसतेय की रडतेय, ते अंधारात त्याला नीट दिसेना.

"एवढंच म्हणायचं होतं," ती शेवटी म्हणाली, "तर साऱ्या भिंतीला खिळे कशाला ठोकलेत?"

पडद्यावर कोणीतरी कोणालातरी शोधत धावत होतं, आणि आता ऑपरेटरलाही कळून घ्यावंसं वाटायला लागलं की का धावतंय.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. लेक होती. उद्या गाडी किती वाजता पोचेल, न्यायला येऊ का, विचारत होती.

"नाही गं, उद्या नाही येत मी," बायको म्हणाली. "का म्हणजे? नंतर कर फोन. तुझे बाबा बसलेत माझ्याशेजारी."