रुमालाखालचा भाव

रविवारी दुपारी म्हसवडच्या माझ्या शेजाऱ्याने फेसबुकवर लाइव्ह जाऊन मेंढा विकायला काढला. घरचा चारा संपला होता, त्यामुळे मेंढा त्याच दिवशी जायला हवा होता. फोन मी धरला होता. लाइव्हआधी त्याने मेंढ्याची लोकर विंचरली आणि मग त्याच फणीने स्वतःच्या मिशा.

पाहणारे वाढत गेले. सगळे किंमत विचारू लागले. बाजारात मेंढ्याचा भाव कुणी मोठ्याने बोलत नाही. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून तो ठरवतात. शेजाऱ्याने हातावर रुमाल टाकला आणि कॅमेऱ्यासमोर बोटे हलवली.

"आवं, त्यास्नी दिसतंय का?" त्याच्या बायकोने विचारले.

"दिसाय लागलं तर रुमाल कशाला?"

"मग तोंडानं सांगा की. माणसं चाललीत."

"समद्या गावाम्होरं भाव फोडू व्हय?"

पाहणारे तिघेच उरले. त्यांतल्या जतच्या एकाने लिहिले, "पत्ता धाडा. हात धराया येतो."

संध्याकाळी तो आला. दोघे अंगणात रुमालाखाली हात घालून बराच वेळ उभे राहिले. मेंढा पिकअपमध्ये चढला.

कितीला गेला, असे बायकोने विचारले. तिला अजून उत्तर मिळालेले नाही.